पक्षाघातानंतरही आर. के. लक्ष्मण चित्रं काढत राहिले, हे सोपं का नव्हतं?

मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टने आर. के. लक्ष्मण यांना प्रवेश नाकारला होता. पुढे त्याच शहरातून त्यांचा ‘कॉमन मॅन’ घराघरांत पोहोचला.

सप्टेंबर २००३ मध्ये पक्षाघाताने त्यांची डावी बाजू लुळी पडली. चित्र काढणारा उजवा हात वाचला, हे नशीबच. पण डावी बाजू जाते तेव्हा इजा बहुतेकदा मेंदूच्या उजव्या भागात असते आणि जागेचं, अंतराचं भान मुख्यतः तोच भाग सांभाळतो. अशा काही रुग्णांना घड्याळ काढायला सांगितलं, तर डावीकडचे आकडे राहूनच जातात. पुनर्वसनात चित्रकला येते ती इथे: कागदाची डावी कडा पुन्हा शोधायला.

लक्ष्मण अंशतः सावरले, पुन्हा रेखाटू लागले. २०१० पर्यंत आणखी झटके आले. २६ जानेवारी २०१५ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.