व्हेरिअर एल्विन (१९०२–१९६४) : शाळा आणि गोटूल

गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातील सूरजागडचा डोंगर आज लोहखनिजामुळे सर्वत्र माहीत झाला आहे. परिसरातील माडिया गोंडांच्या दृष्टीने मात्र तो फार आधीपासून ठाकूरदेवाचा डोंगर आहे आणि त्याच्या यात्रेला दूरदूरच्या पाड्यांवरून माणसे येतात. येथून आग्नेयेकडे भामरागडचे जंगल लागते आणि त्यापलीकडे अबुजमाड व बस्तर. राज्याची सीमा नकाशावर आहे. बोली, देव आणि सोयरीक यांना ती फारशी ठाऊक नाही. या पट्ट्यातील मूल पहिलीच्या वर्गात बसते तेव्हा घरी बोलली जाणारी त्याची माडिया बोली द्राविड कुळातील असते आणि समोरचे पाठ्यपुस्तक इंडो-आर्य कुळातील मराठीत असते. त्या मुलाला कोणी, कोणत्या भाषेत आणि काय शिकवावे, हा प्रश्न नवा नाही. साधारण नव्वद वर्षांपूर्वी एका इंग्रज तरुणापुढे तो उभा राहिला होता. त्या तरुणाचे, म्हणजे व्हेरिअर एल्विन यांचे चरित्र या घटकात आपल्याला पाहायचे आहे. त्यांचे कार्यक्षेत्र सूरजागडच्या पलीकडच्या बाजूला, बस्तरात आणि मध्य प्रांताच्या मंडला जिल्ह्यात होते. पण त्यांनी नोंदवलेले गोंड बालपण या डोंगराच्या अलीकडच्या वाचकालाही अनोळखी वाटणार नाही.

ऑक्सफर्ड ते पुणे

हॅरी व्हेरिअर हॉलमन एल्विन यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०२ रोजी इंग्लंडमधील डोव्हर येथे झाला. वडील पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओनचे बिशप होते. व्हेरिअर लहान असतानाच ते वारले. आई अत्यंत धर्मनिष्ठ होती. ऑक्सफर्डच्या मर्टन महाविद्यालयात एल्विन यांनी इंग्रजी साहित्य आणि धर्मशास्त्र या दोन्ही विषयांत प्रथम श्रेणी मिळवली. पुढे धर्मोपदेशकाची दीक्षा आणि ऑक्सफर्डमध्येच अध्यापनाचे पद असे सारे क्रमाने झाले. विद्यापीठात सुखाने आयुष्य काढावे, अशी ही पायवाट होती. ती सोडून १९२७ साली ते हिंदुस्थानात आले आणि जॅक विन्स्लो यांच्या ख्रिस्त सेवा संघात पुण्यास राहू लागले. भारतीय वेष आणि भारतीय राहणी स्वीकारून ख्रिस्ती साधना करावी, असा या संघाचा प्रयत्न होता.

आपल्या राज्यकर्त्यांनी या देशावर अन्याय केला असून त्याचे काही प्रायश्चित्त आपण घ्यावे, ही भावना त्यांच्या मनात प्रबळ होती. १९२८ च्या आरंभी साबरमतीला गांधीजींची भेट झाली आणि लवकरच एल्विन सरळ राष्ट्रीय चळवळीच्या बाजूला गेले. ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे मुंबईच्या मणिभवनात गांधीजींना अटक झाली तेव्हा ते तेथेच होते. सरकारचा त्यांच्यावर रोष होताच. आता चर्चही नाराज झाले. नागपूरचे बिशप ॲलेक्स वुड यांची उमेदीची वर्षे चांद्याच्या मिशनमध्ये गेली होती. राजनिष्ठेची शपथ घेतल्याशिवाय एल्विन यांना धर्मकार्याचा परवाना देण्यास त्यांनी नकार दिला. अखेर १९३५ मध्ये एल्विन चर्चमधून बाहेर पडले.

करंजियाची शाळा

गोंडांमध्ये काम करावे, ही सूचना जमनालाल बजाज यांची. काँग्रेसचे कार्यकर्ते तोवर त्या डोंगरांत जवळजवळ पोचलेच नव्हते. जानेवारी १९३२ च्या अखेरीस एल्विन मैकल डोंगरातील करंजिया या गावी गेले. बरोबर शामराव हिवाळे होते. हे मराठी ख्रिस्ती तरुण पुण्याच्या संघातील त्यांचे सहकारी. एल्विन यांच्या चरित्रात त्यांचा उल्लेख बहुधा एका ओळीत उरकला जातो आणि तो अन्याय आहे. गावकऱ्यांनी एल्विन यांना बडा भाई आणि शामरावांना छोटा भाई म्हणायला सुरुवात केली. बडा भाई प्रवासात, लेखनात, देणग्या मिळवण्यात गुंतलेले असत, आणि दवाखान्यासमोरची रांग, मुलांची हजेरी, गावातली भांडणे हे छोट्या भाईंच्या वाट्याला येई.

मातीच्या भिंती आणि गवती छप्पर असलेल्या झोपड्यांतून दवाखाना, शाळा आणि पुढे कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान उभे राहिले. आश्रमाला प्रथम संत फ्रान्सिस यांचे नाव होते. चर्चशी दुरावा वाढत गेला तसे ते गोंड सेवा मंडळ झाले. आजूबाजूच्या गावांतही शाळा निघाल्या. पैसा येई तो इंग्लंडमधील मित्रांकडून आणि मुंबईतील काही धनिकांकडून, आणि तो कधीच पुरत नसे. हिवताप पाठ सोडत नसे. या दिवसांची एल्विन यांची रोजनिशी १९३६ मध्ये ‘लीव्हज फ्रॉम द जंगल’ या नावाने प्रसिद्ध झाली. तिचा सूर खेळकर आहे आणि स्वतःची फजिती सांगताना लेखक हात आखडता घेत नाही. सेवेला निघालेल्या माणसाने स्वतःकडे हसून पाहावे, हे त्या काळच्या मिशनरी लेखनात विरळाच आढळते.

आरंभीचा कार्यक्रम गांधीवादी होता : अक्षरज्ञान, स्वच्छता, सूतकताई, दारूबंदी. त्या डोंगरात कापूस पिकत नव्हता, म्हणून चरखा चालेना. मोहाची दारू ही देवाच्या नैवेद्याची आणि लग्नाच्या मांडवातील गोष्ट होती. तिला पाप म्हणणे गोंडांना समजेना. शाळेत शिकलेला मुलगा नाचायला लाजू लागे आणि आईवडिलांच्या देवांना हसू लागे, तेव्हा आपण त्याला काय दिले आणि त्याच्याकडून काय काढून घेतले, हा प्रश्न एल्विन यांना छळू लागला. गांधीजींच्या कार्यक्रमापासून ते हळूहळू दूर गेले त्याची सुरुवात या शाळेच्या अंगणात झाली, असे मला वाटते. ‘द बैगा’ (१९३९) या ग्रंथात तर त्यांनी बैगांसाठी बाहेरच्यांना मज्जाव असलेला राखीव प्रदेश असावा, असे सुचवले. माणसांना अभयारण्यात ठेवण्याची ही कल्पना त्यांना जन्मभर चिकटली. त्यांनी पुढे ती सोडून दिली तरीही.

मुलांचे स्वतःचे घर

१९४० मध्ये बस्तर संस्थानात मानद मानववंशशास्त्रज्ञ म्हणून त्यांना काम करण्याची संधी मिळाली. कोंडागाव आणि नारायणपूर भागांतील मुरिया गोंडांच्या गावांत त्यांना घोटुल दिसले. माडिया भागात आपण त्याला गोटूल म्हणतो. सायंकाळी आपापली चटई घेऊन गावातील अविवाहित मुले-मुली या घरात जमत. मुलगे ते चेलिक, मुली त्या मोटियारी. प्रत्येकाला तेथे वेगळे नाव आणि पद मिळे. लहानांनी रोज जळणाची लाकडे आणायची, मुलींनी झाडलोट करायची. चुकणाऱ्याला मोठ्या मुलांचीच सभा दंड करी. गावात लग्न असो वा कुणाच्या शेतातले काम असो, घोटुलची पोरे एकजुटीने उभी राहात. गाणी, नाच, कथा, उखाणे, वडीलधाऱ्यांशी वागण्याची रीत हे सारे मोठ्यांकडून लहानांकडे येथेच येई. या संस्थेचा मूळ पुरुष लिंगो आणि तो अठरा वाद्ये वाजवी, अशी मुरियांची श्रद्धा आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. एल्विन यांचे वर्णन मुरियांच्या घोटुलचे आहे. ते जसेच्या तसे एटापल्ली-भामरागडच्या माडिया गोटुलला लावू नये. माडिया गावांत मुली गोटुलात झोपत नाहीत, तेथे तरुण मुलगे आणि आलेले पाहुणे राहतात. हा भेद न पाळल्यामुळे शहरी वाचकांत गोटुलविषयी भलत्याच कुजबुजी पसरल्या, आणि मुक्त शरीरसंबंधांवरील प्रकरणांनाच प्रसिद्धी मिळाल्यामुळे एल्विन यांच्या ग्रंथानेही नकळत त्यांत भर घातली. १९४७ मध्ये आलेल्या ‘द मुरिया अँड देअर घोटुल’ या सातशेहून अधिक पृष्ठांच्या ग्रंथाचे खरे मोल वेगळे आहे. किशोरवयीन मुलांनी स्वतः चालवलेली, मोठ्यांचा हस्तक्षेप नसलेली एक शिक्षणसंस्था त्यात तपशिलाने नोंदवली आहे.

भाषेच्या अभ्यासकाने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एल्विन यांचा व्यवहार मुख्यतः हिंदी आणि तिच्या स्थानिक बोलींतून, बस्तरात हलबीतून आणि सहायकांमार्फत चाले. हलबीला ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात मराठीच्या खंडात स्थान दिले आहे. म्हणजे एल्विन यांच्या कानावर आलेले मुरिया जग बरेचसे मराठीच्या एका दूरच्या बहिणीतून गाळून आलेले होते. मुलांची आपापसातली गोंडी त्यांनी किती ऐकली असेल, हा विचार तो ग्रंथ वाचताना मनात ठेवावा.

त्याच सुमारास चांद्याच्या दक्षिणेला, निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात, ऑस्ट्रियातून आलेले क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ यांनी दुसरी वाट धरली. मारलवाई येथे १९४३ मध्ये गोंड तरुणांनाच शिक्षक म्हणून तयार करण्याचे केंद्र निघाले आणि गोंडीतील वाचनपुस्तके देवनागरीत तयार झाली. त्या भागातील गोंडांना मराठीचा परिचय असल्याने ही लिपी सोयीची होती. एल्विन यांच्या शाळांना जे साधले नाही ते येथे काही अंशी साधले, कारण शिकवणारा आणि शिकणारा एकाच बोलीत बोलत होते.

कोसी

एल्विन यांच्या चरित्रातील हे पान वगळून चालणार नाही. ४ एप्रिल १९४० रोजी त्यांनी रायथवारच्या कोसी या राजगोंड मुलीशी गोंड पद्धतीने विवाह केला. ती त्यांच्या शाळेची विद्यार्थिनी आणि शाळकरी वयाची होती. ते सदतीस वर्षांचे होते. आपण या समाजाचे झालो, असा त्या विवाहाचा अर्थ त्यांनी लावला. पण शाळा काढणारा, औषध देणारा, साहेबांशी त्यांच्या भाषेत बोलणारा माणूस आणि त्याच्या वर्गातली मुलगी यांच्यात बरोबरीचे नाते कसे असणार? त्या काळी त्या समाजात लहान वयात लग्ने होत, हे खरे असले तरी शिक्षकाची जबाबदारी त्याने हलकी होत नाही. पहिला मुलगा जवाहर १९४१ मध्ये जन्मला. १९४९ मध्ये घटस्फोट झाला, तोही कलकत्त्याच्या न्यायालयात, रायथवारपासून शेकडो मैलांवर. आत्मचरित्रात एल्विन यांनी या विवाहाला अगदी थोडी जागा दिली आहे. इतरांच्या जीवनाचा बारीकसारीक तपशील टिपणाऱ्या लेखणीचे हे मौन डोळ्यांत भरते.

ईशान्येकडे

दरम्यान त्यांच्या विचारांवर जोरदार टीका होत होती. मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९४३ च्या आपल्या ग्रंथात आदिवासींना वेगळे ठेवण्याची भूमिका खोडून काढली; आदिवासी हे हिंदू समाजाचाच मागे राहिलेला भाग आहेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. ठक्करबाप्पांचाही विरोध होताच. स्वातंत्र्यानंतर एल्विन येथेच राहिले आणि त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले. १९५४ पासून ते ईशान्य सीमा प्रदेशाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचलच्या, प्रशासनाचे आदिवासीविषयक सल्लागार झाले. पंडित नेहरूंचा त्यांना पाठिंबा होता. ‘अ फिलॉसॉफी फॉर नेफा’ (१९५७) या पुस्तकात करंजियाच्या अनुभवाचे पडसाद स्पष्ट ऐकू येतात. शाळेने मुलाला त्याच्या पोशाखाची, विणकामाची आणि नाचाची लाज वाटायला लावू नये, आरंभीचे शिक्षण त्याच्या बोलीतून व्हावे, असा आग्रह तेथे आहे. १९६१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

२२ फेब्रुवारी १९६४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. ‘द ट्रायबल वर्ल्ड ऑफ व्हेरिअर एल्विन’ हे आत्मचरित्र त्यानंतर त्याच वर्षी प्रसिद्ध झाले आणि १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. दुसऱ्या पत्नी लीला आणि मुले शिलाँगला होती. एल्विन ईशान्येकडे गेल्यावर शामराव हिवाळे मंडल्यातच, पाटणगढला राहिले होते. कोसी रायथवारला राहिल्या. एल्विन यांच्यानंतर चार दशकांहून अधिक काळ त्या त्याच गावात, हलाखीत जगल्या.