सर दोराबजी टाटा

टाटा घराण्याचे नाव निघाले, की पोलादाचे प्रचंड कारखाने डोळ्यांसमोर उभे राहतात. परंतु याच घराण्यातील एका पुरुषाने अनवाणी धावणाऱ्या खेडुतांना ऑलिंपिकच्या क्रीडांगणाची वाट दाखविली, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. ते पुरुष म्हणजे जमशेटजी टाटांचे थोरले चिरंजीव दोराबजी.

दोराबजींचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ रोजी मुंबईत झाला. तरुणपणी ते शिक्षणासाठी इंग्लंडला गेले आणि केंब्रिज विद्यापीठात दोन वर्षे राहिले. तेथे त्यांना मैदानाचा जो लळा लागला, तो जन्मभर सुटला नाही. परत आल्यावर त्यांनी मुंबईत पदवी घेतली, काही काळ वृत्तपत्रात काम केले आणि १८८४ मध्ये वडिलांच्या व्यवसायात प्रवेश केला. याच मुंबईत शाळाशाळांना एकत्र करून त्यांनी एक क्रीडासंघ उभारला व त्याचे चिटणीसपद सांभाळले. प्रथम क्रिकेटचे सामने आणि मग धावण्या-उड्यांच्या शर्यती, असा या संघाचा क्रम होता.

१९०४ मध्ये जमशेटजी वारले. देशात पोलाद तयार व्हावे, ही त्यांची मोठी आकांक्षा अपुरी राहिली होती. लोखंडाच्या शोधात दोराबजींनी चंद्रपूरकडील रानेवने तुडविली होती. पुढे भांडवलासाठी ते लंडनच्या बाजारात गेले, पण तेथे कोणी दाद दिली नाही. तेव्हा १९०७ मध्ये त्यांनी आपल्या देशबांधवांनाच हाक घातली. अवघ्या तीन आठवड्यांत सुमारे ८,००० लोकांनी भाग घेऊन सारे भांडवल जमवून दिले! १९१२ मध्ये साकची येथे पहिले पोलाद तयार झाले. त्या गावालाच पुढे जमशेदपूर हे नाव मिळाले.

अशा धामधुमीतही त्यांचे खेळांवरील प्रेम आटले नव्हते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्यांना आपले अध्यक्ष केले होते. १९१९ मध्ये तेथील शर्यतींची तयारी पाहताना त्यांना मोठे नवल वाटले. मैदान लहान आणि धावण्याची जागा म्हणजे रूळ न फिरविलेली खडबडीत गवताळ जमीन. शंभर यार्डांची शर्यत सरळ रेषेत धावायची, तर येथे ती वळणावरून घेण्याचा बेत. आणि प्रत्येक धावपटूची वाट निराळी करणाऱ्या दोऱ्यांचाही पत्ता नाही! स्पर्धक बहुतेक शेतात राबणारे, साध्या भाकरीवर वाढलेले. युरोपातील नियम त्यांच्या कानांवरून कधी गेलेच नव्हते. दोराबजींनी ते नियम त्यांना समजावून सांगितले.

अंतिम दिवशी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांना दोराबजींनी आग्रहाने बोलाविले होते. त्या दिवशी खरी गर्दी लोटली ती सुमारे पंचवीस मैलांच्या शर्यतीला. खडी पडलेल्या, उंचसखल रस्त्यावरून अनवाणी धावत आलेल्या पहिल्या तिघाचौघांची वेळ पाहून दोराबजी चकित झाले. ती युरोपातील धावपटूंच्या वेळेच्या तोडीची होती. मग ही माणसे जगाच्या शर्यतीत का नसावीत?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. देश पारतंत्र्यात होता. हिंदुस्थानच्या नावाने खेळाडू पाठवू शकेल अशी एकही संस्था नव्हती. गव्हर्नरांनी ब्रिटिश ऑलिंपिक समितीकडे शब्द टाकला आणि हिंदुस्थानला प्रवेश मिळाला. सरकारने थोडी मदत केली, लोकांकडून थोड्या देणग्या आल्या आणि उरलेल्या खर्चाला दोराबजींनी स्वतःचा हात लावला. १९२० मध्ये बेल्जममधील अँटवर्प येथे मोजकेच खेळाडू उतरले. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. मल्ल रणधीर शिंदे यांनी आपल्या वजनगटात चौथे स्थान मिळविले. पदक अगदी थोडक्यात हुकले. सदाशिव दातार, कुमार नवले आणि पूर्मा बॅनर्जी हेही त्या संघात होते. त्याच वर्षी दोराबजी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सभासद झाले.

एखाद्या धनिकाने संतुष्ट व्हावे, एवढे हे यश होते. पण एका माणसाच्या थैलीवर देशाचा संघ किती दिवस जाणार? खेळाडूंची निवड पुण्यामुंबईपुरती राहिली, तर पंजाबातल्या किंवा मद्रासेतल्या धावपटूने कोणाच्या दारी जावे? दोराबजींनी हे ओळखले. मद्रासच्या वाय. एम. सी. ए. संस्थेचे डॉ. नोरेन आणि बक या दोघांनी प्रांतोप्रांती फिरून क्रीडासंघ स्थापन केले. १९२४ मध्ये दिल्लीला सर्व प्रांतांच्या खेळाडूंची स्पर्धा भरली व तीतून पॅरिस ऑलिंपिकसाठी निवड झाली. आता ओळखीपाळखीला महत्त्व उरले नाही. घड्याळ आणि फीत यांचा निकाल खरा मानला जाऊ लागला.

हेच १९२४ साल पोलादाच्या कारखान्याला मात्र फार कठीण गेले. कामगारांच्या पगारालाही पैसा उरला नाही. तेव्हा दोराबजींनी आपली सुमारे एक कोटी रुपयांची मालमत्ता, पत्नी मेहरबाई यांच्या दागिन्यांसह, बँकेकडे तारण ठेवली आणि कारखाना वाचविला. मेहरबाईही उत्तम टेनिसपटू होत्या. त्या साडी नेसूनच खेळत.

१९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली. दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले आणि डॉ. नोरेन चिटणीस. पुढच्याच वर्षी दोराबजींनी ते पद सोडले व पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंह अध्यक्ष झाले. संस्थापक गेला आणि संस्था चालू राहिली. याच १९२८ साली ॲम्स्टरडॅमला भारताच्या हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले.

१९३१ मध्ये मेहरबाई निवर्तल्या. त्यानंतर दोराबजींनी आपली सारी संपत्ती एका विश्वस्त निधीच्या स्वाधीन केली. १९३२ च्या उन्हाळ्यात पत्नीच्या समाधीच्या दर्शनासाठी ते इंग्लंडला निघाले. पण ३ जून रोजी जर्मनीतील बाड किसिंगेन येथे वाटेतच त्यांचे निधन झाले. इंग्लंडमधील ब्रुकवुड येथे, मेहरबाईंच्या शेजारीच, त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.