मांडवीचे डॉक्टर

इ. स. १८९६ सालचा सप्टेंबर महिना. मुंबई बंदराजवळच्या मांडवी भागात धान्याच्या वखारी होत्या आणि त्यांना खेटून दाट वस्तीच्या चाळी होत्या. खोल्या अंधाऱ्या, गटारे तुंबलेली. या वस्तीत माणसे एकाएकी तापाने फणफणू लागली. काखेत किंवा जांघेत गाठ येई आणि थोड्याच दिवसांत रोगी दगावे. हा कसला ताप, हे कोणाला उमगेना.

मांडवीत डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस हे वैद्यकीचा व्यवसाय करीत असत. त्यांचा जन्म १८५६ साली गोव्यातील हडफडे गावी झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून ते डॉक्टर झाले. १८८८ साली ते मुंबई नगरपालिकेवर निवडूनही आले होते.

रोगी तपासताना त्यांनी ओळखले, की हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच प्लेग होय. दोनच वर्षांपूर्वी या रोगाने हाँगकाँग शहरात थैमान घातले होते. परंतु ही गोष्ट बोलून दाखविणे सोपे नव्हते. प्लेगचे नाव निघताच मुंबईचा व्यापार बसणार आणि लोक भयाने शहर सोडणार, हे उघड होते. तरीही सत्य लपविण्याने रोग थांबत नाही, हे डॉक्टर जाणून होते. २३ सप्टेंबर १८९६ रोजी नगरपालिकेच्या स्थायी समितीपुढे त्यांनी आपले निदान मांडले. अनेकांना ते पटेना. पण इतर तज्ज्ञांनी तपासणी केल्यावर ते खरे ठरले.

मग नगरपालिकेने कंबर कसली. गटारे धुतली, घरांना चुना लावला, अंधाऱ्या खोल्यांत उजेड यावा म्हणून छपरांची कौलेही काढली. व्हिएगस यांनी वस्त्या स्वच्छ करण्याचा आणि उंदरांचा नायनाट करण्याचा आग्रह धरला. उंदरांवरील पिसवांमुळे प्लेग पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच संशोधकाने पुढे १८९८ साली दाखवून दिले.

परंतु रोग्यांना सक्तीने घरातून उचलून इस्पितळात नेण्याचा हुकूम निघाला, तेव्हा लोक बिथरले. आपले माणूस पुन्हा दृष्टीस पडणार नाही, या धास्तीने कित्येकांनी रोगी लपवून ठेवले. ऑक्टोबरच्या अखेरीस गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोड इस्पितळावर चालून गेला. शेवटी हुकूम सौम्य करावा लागला. केवळ धाकाने लोकांचे आरोग्य राखता येत नाही, त्यास त्यांचा विश्वासही लागतो, हा धडा शहराला मिळाला.

त्याच सुमारास हाफकिन या शास्त्रज्ञाने मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. व्हिएगस यांनी ही लस स्वहस्ते सुमारे १८,००० लोकांना टोचली, असे सांगतात. ज्या रोगाच्या भीतीने हजारो लोक शहर सोडून गेले, त्या रोगाशी ते शहरातच राहून झुंजले.

१९०६ साली ते मुंबई नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. १९३३ साली त्यांचे निधन झाले. धोबी तलावाजवळ त्यांचा पुतळा उभारण्यात आला. शहरावर संकट आले असता अप्रिय सत्य वेळीच सांगणारा आणि मग सेवेसाठी स्वतः पुढे होणारा माणूस किती मोलाचा असतो, हे त्यांच्या चरित्रावरून कळते.