डॉक्टर डोस अंदाजे द्यायचे, तेव्हा एका उद्योगपतीच्या पोरानं रेडिएशन मोजायला शिकवलं

आज कॅन्सरच्या पेशंटला रेडिएशन द्यायचं म्हटलं की डॉक्टर थेट आकडा सांगतात. इतके ग्रे, इतक्या सिटिंगमध्ये. पण शंभर वर्षांपूर्वी असा आकडाच नव्हता.

तेव्हा डोस ठरायचा कातडीवरून. किरण सोडायचे आणि काही दिवसांनी कातडी लाल झाली का ते बघायचं. मशीन नीट चालतंय का हे तपासायला तर मशीन चालवणारा स्वतःचाच हात नळीसमोर धरायचा. पडद्यावर हाडं स्पष्ट दिसली की मशीन चांगलं.

याची किंमत मोठी होती. थॉमस एडिसनचा सहकारी क्लॅरेन्स डॅली एक्स-रेच्या नळ्यांवर काम करता करता भाजत गेला. त्याचे हात कापावे लागले आणि 1904 मध्ये, चाळिशीच्या आत, तो गेला. 1936 मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये रेडिएशननं बळी गेलेल्या डॉक्टर, नर्स आणि तंत्रज्ञांचं स्मारक उभं राहिलं, तेव्हा त्यावर 169 नावं होती.

रेडिएशन दिसत नाही, त्याला वास नाही आणि अंगातून जाताना ते दुखतही नाही. मग त्यापासून जपायचं कसं? आधी ते मोजता आलं पाहिजे. याच कामात आयुष्य घालवणाऱ्या माणसाचं नाव होतं रोल्फ सीव्हर्ट.

पैशाची ददात नसलेला मुलगा

रोल्फ यांचा जन्म 6 मे 1896 चा, स्वीडनच्या स्टॉकहोममधला. म्हणजे रोंटजेननं एक्स-रे शोधल्यानंतर अवघ्या सहा महिन्यांनी. वडील माक्स सीव्हर्ट जर्मनीतून स्वीडनला आले होते. केबलच्या कारखान्यात त्यांनी चांगला जम बसवला होता. रोल्फ 17 वर्षांचे असताना वडील गेले, पण मागं संपत्ती सोडून गेले.

रोल्फ यांचा ओढा धंद्याकडे नव्हता. त्यांनी फिजिक्स धरलं.

स्टॉकहोममध्ये 1910 पासून रेडियमहेमेट नावाचं कॅन्सर हॉस्पिटल होतं. तिथं रेडियम आणि एक्स-रेनं उपचार चालायचे आणि यॉस्टा फोर्सेल हे त्याचे प्रमुख होते. डॉक्टर चांगले होते, पण पेशंटच्या गाठीपर्यंत नेमका किती डोस पोहोचतो याचं गणित मांडणारा फिजिक्सवाला तिथं नव्हता. 1920 च्या सुमाराला सीव्हर्ट तिथं आले. सुरुवातीला पगार न घेता आणि पदरचे पैसे घालून त्यांनी काम केलं. 1924 मध्ये ते तिथल्या फिजिक्स लॅबचे प्रमुख झाले.

गावोगावी फिरणारी लॅब

1921 मध्ये त्यांनी रेडियमच्या सुईभोवती कुठल्या अंतरावर किती डोस पडतो याचं गणित मांडलं. सुईच्या धातूच्या आवरणात किती किरण अडतात हेही त्यात धरलं होतं. किरणोपचाराच्या पुस्तकांत हे गणित आजही सीव्हर्ट इंटिग्रल या नावानं शिकवतात.

पुढं त्यांनी अगदी छोटी मापन यंत्रं बनवली. ही आधी विजेनं चार्ज करायची आणि मग किरणांसमोर ठेवायची. किरण हवेतून जाताना हवेला विद्युतभारित करतात, त्यामुळं यंत्रातला चार्ज कमी होतो. किती कमी झाला यावरून डोस कळतो. आकार लहान असल्यानं ते पेशंटच्या अंगाजवळ ठेवून खरोखर किती डोस गेला हे बघता येऊ लागलं.

पण एकाच हॉस्पिटलमध्ये मोजून काय उपयोग? एका गावातलं मशीन कमी किरण सोडायचं आणि दुसऱ्या गावातलं जास्त. सेटिंग एकच ठेवलं तरी एका पेशंटचा कॅन्सर तसाच राहायचा आणि दुसऱ्याची कातडी जळायची. म्हणून 1920 च्या दशकात सीव्हर्ट यांच्या लॅबनं स्वीडनमधल्या हॉस्पिटलांमध्ये जाऊन तिथली मशीनं मोजायला सुरुवात केली. देशभर डोसची भाषा एक होऊ लागली.

नियम आले, पण आकडा नव्हता

1925 मध्ये सीव्हर्ट यांनी एक मर्यादा सुचवली. कातडी लाल करणारा जो डोस असतो, त्याच्या एक दशांशापेक्षा जास्त डोस कर्मचाऱ्याला वर्षभरात मिळू नये. अमेरिकेत आर्थर मुट्शेलर यांनी त्याच सुमाराला स्वतंत्रपणे जवळपास तशीच मर्यादा मांडली होती.

1928 मध्ये जगभरातले रेडिओलॉजिस्ट स्टॉकहोमला जमले. तिथं रोंटजेन हे एकक मान्य झालं आणि रेडिएशनपासून संरक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय समिती नेमली गेली. अध्यक्षपद आलं 32 वर्षांच्या सीव्हर्ट यांच्याकडे. हीच समिती 1950 पासून आयसीआरपी म्हणून ओळखली जाते.

समितीचे पहिले नियम वाचले तर आज गंमत वाटेल. दिवसाला सात तासांपेक्षा जास्त काम नको. आठवड्याला पाचच दिवस काम करा. सुट्टीचे दिवस जमेल तितके मोकळ्या हवेत घालवा. वर्षाला किमान महिनाभर रजा घ्या. सोबत शिशाचे आडोसे वापरायचे आणि रेडियमला बोटं लावायची नाहीत, चिमट्यानं उचलायचं, असंही होतं. पण डोसची मर्यादा आकड्यात दिलेली नव्हती आणि नियम पाळायची सक्तीही नव्हती.

सक्ती आणली ती सीव्हर्ट यांच्या देशानं. 1941 मध्ये स्वीडननं रेडिएशन संरक्षणाचा कायदा केला. जगातल्या अगदी सुरुवातीच्या अशा कायद्यांपैकी तो एक होता. हॉस्पिटलं तपासायचं काम सीव्हर्ट यांच्या संस्थेकडे आलं. त्याच वर्षी ते कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये प्रोफेसर झाले.

रेडियम लांबूनच हलवा

रेडियमच्या उपचारात कर्मचाऱ्यांचा धोका रोजचा होता. एक्स-रे मशीन बंद करता येतं, रेडियमला बटण नसतं. ते तिजोरीतून काढताना, पेशंटला लावताना आणि परत ठेवताना नर्स आणि डॉक्टरांना दर वेळी डोस मिळायचा. 1937 मध्ये सीव्हर्ट यांनी मोठ्या रेडियम मशीनसाठी हा धोका कमी करणाऱ्या रचना प्रसिद्ध केल्या. रेडियमजवळ कमीत कमी वेळ थांबायचं आणि शक्य तितकं लांब राहायचं हे त्यामागचं तत्त्व. अंतर दुप्पट केलं की डोस साधारण एक चतुर्थांश होतो.

आज ब्रॅकीथेरपीत रेडिओॲक्टिव्ह सोर्स तारेच्या टोकाला बसवलेला असतो. कर्मचारी खोलीबाहेर गेल्यावर मशीन तो तिजोरीतून पेशंटपर्यंत नेतं आणि परत आणतं. त्यामागचा विचार तोच आहे.

मर्यादा खाली येत गेली

सुरुवातीच्या मर्यादांमागं एक समजूत होती की ठरावीक डोसच्या खाली काहीच होत नाही. कातडी लाल झाली नाही म्हणजे माणूस सुरक्षित. पण कॅन्सर वीस-तीस वर्षांनीही डोकं वर काढू शकतो आणि तो कातडीवर दिसेलच असं नाही, हे हळूहळू कळत गेलं. मग प्रश्न बदलला. किती डोस निर्धोक, याऐवजी किती धोका पत्करणं योग्य, असं विचारलं जाऊ लागलं.

आकडेही तसेच उतरले. 1934 मध्ये समितीनं कर्मचाऱ्यांसाठी दिवसाला 0.2 रोंटजेन ही मर्यादा दिली. आजच्या मापात ती वर्षाला साधारण 500 मिलीसीव्हर्ट होते. सीव्हर्ट 1956 ते 1962 या काळात पुन्हा अध्यक्ष होते. त्या काळात कर्मचाऱ्यांची सरासरी मर्यादा वर्षाला 5 रेमवर, म्हणजे 50 मिलीसीव्हर्टवर आली. आज ती पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला 20 मिलीसीव्हर्ट आहे.

भारतात हे सगळं बघते मुंबईच्या अणुशक्तीनगरमध्ये असलेली एईआरबी. इथं सरासरी 20 ची असली तरी कुठल्याही एका वर्षात 30 मिलीसीव्हर्ट ओलांडायचे नाहीत आणि सर्वसामान्य लोकांसाठी मर्यादा वर्षाला 1 मिलीसीव्हर्ट आहे. रेडिएशन विभागातल्या कर्मचाऱ्यांच्या छातीवर जो छोटा बॅज दिसतो, त्यातून हाच हिशेब ठेवला जातो.

मग पेशंटचं काय? एका सिटिंगला गाठीवर 2 ग्रे, म्हणजे 2000 मिलीग्रे डोस देणं नेहमीचं आहे. पेशंटच्या उपचारासाठी वार्षिक मर्यादा नसते, कारण तिथं डोस हेच औषध असतं. ते ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या मापात पडलं पाहिजे. म्हणून मशीनचं मोजमाप वेळोवेळी होतं. म्हणूनच जाड काँक्रीटच्या खोलीत किरण चालू असताना पेशंटशिवाय कोणी थांबत नाही आणि दार उघडलं की किरण आपोआप बंद होतात.

सीव्हर्ट 3 ऑक्टोबर 1966 ला गेले. 1979 मध्ये रेडिएशनचा माणसाच्या शरीरावर होणारा परिणाम सांगणाऱ्या एककाला त्यांचं नाव मिळालं. ग्रे सांगतो की शरीरात किती ऊर्जा शिरली, सीव्हर्ट सांगतो की तिच्यामुळं किती धोका वाढला. एक सीव्हर्ट हा इतका मोठा डोस आहे की रोजच्या कामात त्याचा हजारावा भाग वापरावा लागतो. हॉस्पिटलच्या नोंदवहीत हे नाव आलंच, तर त्याच्या मागं मिली लागलेलं असावं, एवढ्यासाठीच ही सगळी खटपट चालते.