प्रार्थनांना चाली देणारा माणूस

परवा मुलगी सुटीसाठी आजऱ्याला आली होती. रात्री जेवणे झाल्यावर तिने टीव्हीवर एक माहितीपट लावला. 'बराका' त्याचे नाव. रॉन फ्रिक या अमेरिकन दिग्दर्शकाने १९९२ मध्ये तो केला, चोवीस देशांत फिरून. दीड तासाहून थोडा मोठा आहे, पण निवेदन नाही, संवाद नाही. वाराणसीचा घाट दिसतो, बालीतले पुरुष गोल बसून एका सुरात घोष करतात, कारखान्याच्या पट्ट्यावरून कोंबडीची पिल्ले सामानासारखी वाहत जातात, कुवेतमधल्या तेलविहिरी जळतात. मागे देशोदेशीची वाद्ये वाजत राहतात. माणूस म्हणून आपण कुठे येऊन पोचलो, एवढा एकच प्रश्न ती चित्रे आणि ते संगीत मिळून विचारतात.

माहितीपट संपला तरी आम्ही दिवा लावला नाही. मला त्या अंधारात आठवले ते वसंत देसाई. मुलीने नाव ऐकले नव्हते. मग मी दोन चाली गुणगुणून दाखवल्या. दोन्ही तिला पाठ होत्या. चाल घराघरात आणि नाव कुठेच नाही, असे या माणसाचे झाले आहे. म्हणून हे लिहायला बसलो.

आमची हिरण्यकेशी आंबोलीला उगम पावते आणि आजऱ्याला येते. त्याच आंबोलीचा घाट उलट्या बाजूने उतरला की सावंतवाडी, आणि तिथून थोडे उत्तरेला कुडाळ. त्या कुडाळच्या परिसरातले सोनवडे हे देसायांचे गाव. जन्म १९१२ चा. तेव्हा हा मुलूख सावंतवाडी संस्थानात होता. ज्यांनी त्या भागातल्या जत्रा पाहिल्या आहेत त्यांना सांगायला नको, की तिथे रात्रभर दशावतार चालतो आणि देवळात भजन बसले की श्रोता आणि गायक असा भेद फार वेळ टिकत नाही. हातात टाळ आला की तुम्ही मंडळीतले. देसायांच्या पुढच्या कामाकडे पाहताना मला हे टाळ सारखे आठवतात.

१९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी निघाली आणि विशीतही न पोचलेला हा मुलगा तिथे दाखल झाला. चित्रपट अजून मुके होते. 'खुनी खंजीर' या १९३० च्या मूकपटात त्यांनी कामही केले. पुढे पडेल ते काम करत ते संगीत विभागाकडे सरकले. १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' आला, पहिला मराठी बोलपट. संगीत गोविंदराव टेंब्यांचे, आणि राजा हरिश्चंद्रही तेच. मैफलीतल्या हार्मोनियमचा हा बादशहा आणि त्याच्या हाताखाली कोकणातून आलेला पोरगा! १९३३ मध्ये कंपनी पुण्याला गेली, तेव्हा देसाईही गेले. तिथे केशवराव भोळे आणि मास्टर कृष्णराव यांच्याजवळ राहून शिकणे सुरूच राहिले. कोल्हापूर आणि पुणे धरून तेरा वर्षे उमेदवारी. आमच्या बँकेत दोन वर्षांचे प्रोबेशन संपायच्या आत आम्ही कुरकुरायला लागायचो.

१९४२ मध्ये शांताराम प्रभातमधून बाहेर पडले. परळला राजकमल कलामंदिर उभे राहिले आणि १९४३ च्या 'शकुंतला'चे संगीत देसायांकडे आले. तिथून पंधरा वर्षांतली नावे नुसती मोजली तरी पुरे: 'अमर भूपाळी', 'श्यामची आई', 'झनक झनक पायल बाजे'. 'श्यामची आई'ला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. 'झनक झनक'च्या शीर्षकगीतासाठी देसायांनी उस्ताद अमीर खाँसाहेबांना गायला बसवले. या सगळ्यांत मला वेगळा काढावासा वाटतो तो १९४६ चा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी'. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस युद्धात सापडलेल्या चीनमध्ये रुग्णसेवेला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. परक्या माणसांसाठी मरणाऱ्या या डॉक्टरच्या कथेला सूर दिले ते देसायांनी. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

'दो आँखें बारह हाथ' १९५७ चा. कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि तिच्यामागे औंध संस्थानात आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर इथे झालेला खुल्या तुरुंगाचा खराखुरा प्रयोग. खुनाची शिक्षा भोगणारे सहा कैदी आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा एक जेलर. बर्लिनला या चित्रपटाला रौप्य अस्वल मिळाले, अमेरिकेत गोल्डन ग्लोबवाल्यांनी गौरवले. हे सारे खरे, पण चित्रपट न पाहिलेल्या माणसालाही माहीत असते ती त्यातली प्रार्थना. शब्द भरत व्यासांचे, गळा लताबाईंचा.

त्या चालीत तानेला जागा नाही. झेप नाही, हरकत नाही. शास्त्रीय संगीतात मुरलेल्या आणि अमीर खाँसाहेबांना गायला लावलेल्या माणसाने इथे हात आखडता घेतला आहे. कारण ती गाणार कोण? पडद्यावर खुनी, आणि पडद्याबाहेर तुम्ही-आम्ही. ज्याला सूर लागत नाही त्यालाही ती चाल सामावून घेते. शब्दांत देवाचे नाव नाही, मालक आहे. त्यामुळे कुठल्याही धर्माच्या माणसाला ती म्हणता येते. अवघड चाल बांधणे कठीण असतेच. पण कुणालाही जमेल आणि तरी स्वस्त होणार नाही अशी चाल बांधणे त्याहून कठीण, असे मला वाटते.

यानंतर शांताराम आणि देसाई यांची वाट काही काळ वेगळी झाली. १९५९ च्या 'नवरंग'ला सी. रामचंद्र होते. त्याच वर्षी देसायांनी 'गूँज उठी शहनाई' केला आणि बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई चित्रपटाच्या नायकाला दिली. एवढे असूनही हिंदीच्या बाजारात ते पहिल्या रांगेत कधी बसले नाहीत. मराठी रंगभूमीने मात्र त्यांना भरभरून घेतले. 'पंडितराज जगन्नाथ'पासून (१९६०) त्यांची नाट्यपदे घरोघरी गेली.

आता ती अडचणीची गोष्ट. १९६२ मध्ये चीनशी युद्ध झाले. पुढच्या वर्षी 'छोटा जवान' आला आणि त्यात माडगूळकरांचे 'जिंकू किंवा मरू'. चाल वसंत देसायांची. आमच्या पिढीने ते गाणे मुठी आवळून म्हटले आहे. ऑगस्टच्या पावसात, चिखलाने माखलेल्या पायांनी, शाळेच्या पटांगणात. ते म्हणताना प्रत्येक पोराला आपण सरहद्दीवर आहोत असे वाटायचे. सतरा वर्षांपूर्वी चीनसाठी मेलेल्या डॉक्टरची कथा सुरांत मांडणारा हाच माणूस!

आणि तीन वर्षांनी, २३ ऑक्टोबर १९६६ रोजी, न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात एम. एस. सुब्बुलक्ष्मी गायल्या. यू थांट तेव्हा सरचिटणीस होते. व्हिएतनाममध्ये बाँब पडत होते. आपले पाकिस्तानशी युद्ध होऊन जेमतेम वर्ष झाले होते. सुब्बुलक्ष्मींनी तिथे गायलेले 'मैत्रीं भजत' हे छोटे संस्कृत गीत कांचीचे शंकराचार्य चंद्रशेखरेंद्र सरस्वती यांनी लिहिलेले. सगळ्यांशी मैत्री करा, दुसऱ्यात स्वतःला पाहा, युद्ध सोडा, चढाओढ सोडा, असा त्याचा आशय. कर्नाटक संगीताच्या त्या थोर गायिकेच्या गळ्यातल्या या गीताची चाल आमच्या घाटाखालच्या देसायांची होती. शब्द तमिळ देशातल्या संन्याशाचे, चाल कोकण्याची, श्रोते साऱ्या जगाचे. चाल पुन्हा तशीच, साधी आणि सरळ चालणारी.

युद्धगीत बांधणारा खरा की शांतिगीत बांधणारा? मी पुष्कळ दिवस हा प्रश्न घोळवला. कुणी म्हणेल, व्यावसायिक संगीतकार, समोर येईल त्याला चाल लावणार. मला ते पटत नाही. नुसत्या धंद्याच्या चाली साठ वर्षे शाळेत टिकत नाहीत. एवढे दिसते की दोन्ही गाणी एकट्याने म्हणायची नाहीत. देसाई त्या काळात शाळाशाळांतल्या मुलांना एकत्र करून समूहगान बसवत होते. हजारो मुलांना एका तालावर आणायचे वेड त्यांना होते. भयाच्या दिवसांत मुलांना धीर लागतो, तो त्यांनी दिला. शांततेची विनवणी करायची वेळ आली, तीही केली. विरोध संपला असे मात्र मी म्हणणार नाही. कोटणिसांचा चित्रपट आणि 'छोटा जवान' एकामागून एक पाहिले की पोटात काहीतरी हलतेच. 'बराका'सारखा माहितीपट कुणी आपल्याकडे काढला, तर त्याने ही तीन गाणी, प्रार्थना, युद्धगीत आणि शांतिगीत, निवेदनाशिवाय शेजारी शेजारी ठेवावीत. पाहणाऱ्याने काय ते ठरवावे.

१९७१ च्या 'गुड्डी'त गुलजारांच्या शब्दांची आणखी एक प्रार्थना त्यांनी दिली. मनाला बळ मागणारी, शाळेच्या पटांगणातच चित्रित झालेली. गायिका नवी होती, वाणी जयराम. ही वेल्लोरची मुलगी स्टेट बँकेत नोकरी करत होती, हे सांगताना माझी छाती उगाच फुगते. तिच्या आवाजातला त्याच चित्रपटातला मियाँमल्हार ऐकून लोक चकित झाले. 'देव दीनाघरी धावला' या बाळ कोल्हटकरांच्या नाटकासाठीही देसायांनी तिला कुमार गंधर्वांच्या बरोबर गायला उभे केले. 'ऋणानुबंधाच्या' हे ते गाणे. भेटी आणि ताटातुटी यांच्याबद्दल मराठीत याहून हळवे द्वंद्वगीत मला ठाऊक नाही.

२२ डिसेंबर १९७५, सोमवार. मुंबईत पेडर रोडवर ते राहत असलेल्या इमारतीत लिफ्टच्या अपघातात वसंत देसाई गेले. वय त्रेसष्ट. माझे आज त्याहून थोडे जास्तच आहे. त्यांनी संगीत दिलेला 'शक' १९७६ मध्ये, त्यांच्या पश्चात पडद्यावर आला.

मंगळवारी सकाळी आमच्या शाळेत नेहमीप्रमाणे घंटा झाली. थंडी होती, आंबोलीकडून धुके आले होते. आम्ही ओळीत उभे राहिलो आणि 'गुड्डी'तली प्रार्थना म्हटली. चाल कुणाची हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हते. गुरुजींनाही नसावे. प्रार्थना संपली, आम्ही वर्गात गेलो.