रेव्हरंड नारायण वामन टिळक

फुलांमुलांचे कवि म्हणून कै. रेव्हरंड टिळक यांचें नांव घरोघर आहे. परंतु त्यांच्या आयुष्याचा अखेरचा काळ आपल्या साताऱ्यास गेला, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं झाला. नाशिकास त्यांनीं संस्कृताचें अध्ययन केलें व अक्षरगणवृत्तें त्यांच्या कानांत मुरलीं. वृत्त म्हणजे परीक्षेपुरती घोकंपट्टी असें ज्या विद्यार्थ्यांस वाटतें, त्यांनीं टिळकांची 'केवढें हें क्रौर्य' ही कविता एकदां मोठ्यानें म्हणून पाहावी. घायाळ झालेली पक्षिणी पिलांसाठीं शेवटचा घांस घेऊन आपल्या ढोलींत परत येते, एवढाच विषय. वृत्त पृथ्वी, चरणांत १७ अक्षरें, आठव्या अक्षरावर यति. आरंभींच एकाच स्वरानें संपणारीं छोटीं क्रियापदें पुनःपुन्हां येतात. लघु अक्षरांवर आवाज खचतो, गुरूवर पुन्हां उठतो, आणि पक्षिणीची धडपड डोळ्यांपुढें येण्याआधींच कानांस ऐकूं येते. दोन दोन चरणांचें यमक जुळत जातें; वृत्ताची चौकट मात्र ढळत नाहीं.

१० फेब्रुवारी १८९५ रोजीं टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. आप्तेष्ट तुटले. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या मुलास घेऊन कित्येक वर्षें त्यांच्यापासून दूर राहिल्या. नंतर त्या परत आल्या व त्यांनींही ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ती सारी हकीकत त्यांच्या 'स्मृतिचित्रें' या ग्रंथांत मुळांतूनच वाचावी. पुढें नगरास टिळकांच्या घरीं बालकवि ठोंबरे यांसही पुत्रवत् आश्रय मिळाला.

भक्तीच्या रचनेसाठीं टिळकांनीं तुकोबांचा अभंग जवळ केला. पहिल्या तीन चरणांत सहा सहा अक्षरें, चौथ्यांत चार. यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणांचें. शिवाय ध्रुपद पुनःपुन्हां घोळणारें. टाळ वाजूं लागला कीं निरक्षर माणसासही तें सहज पाठ होतें. संस्कृत वृत्तांवर हुकमत असलेल्या पंडितानें हा साधा मार्ग पत्करावा, हें मला त्यांच्या कवित्वाइतकेंच थोर वाटतें.

१९१७ सालीं मिशनची पगारी सेवा सोडून ते साताऱ्यास आले. येथें त्यांनीं 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा झालेले व न झालेले अशा सर्व ख्रिस्तभक्तांनीं त्यांत बंधुभावानें एकत्र यावें, ही त्यांची आकांक्षा होती. तिला अवधि फार थोडा मिळाला. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांचें देहावसान झालें. 'ख्रिस्तायन' हें ओवीबद्ध काव्य अपुरें राहिलें होतें. तें पुढें नेलें लक्ष्मीबाईंनीं, ज्यांस वाचावयास टिळकांनींच शिकविलें होतें.