यंत्रांच्या बहुभाषिक कुटुंबाचा नोंदणीकार : जॉन पोस्टेल

एकाच घरात विंडोजवर चालणारा संगणक, शेजारच्या खोलीत मॅक आणि कोपऱ्यात लिनक्स बसवलेले जुने यंत्र. तिघांना जोडणारा राउटर एक आणि प्रिंटरही एकच. अशा घराचे आता कोणाला अप्रूप उरलेले नाही. परस्परांहून सर्वस्वी भिन्न असलेली यंत्रे एका सूत्रात बांधण्यासाठी ज्यांनी हयात वेचली, त्यांत जॉन पोस्टेल यांचे स्थान अग्रभागी आहे.

पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी कॅलिफोर्नियातील अल्टाडीना येथे झाला. व्हॅन नाइस हायस्कूलमध्ये ते शिकले. इंटरनेटच्या उभारणीतील त्यांचे पुढचे सहकारी व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हेही याच शाळेचे विद्यार्थी. लॉस एंजलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात पोस्टेल पदव्युत्तर अभ्यास करीत असताना, १९६९ मध्ये, अमेरिकी संरक्षण खात्याच्या अर्पानेट प्रकल्पाचे पहिले केंद्र तेथेच सुरू झाले.

वर्षअखेरीस चार केंद्रे जोडली गेली आणि खरी अडचण पुढे आली. लॉस एंजलिसमध्ये सिग्मा-७, स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एसडीएस-९४०, सांता बार्बरात आयबीएम ३६०, तर युटात पीडीपी-१०. चौघांच्या ऑपरेटिंग सिस्टीम निरनिराळ्या. एक यंत्र माहिती २४ बिटांच्या तुकड्यांत हाताळी, दोन ३२ बिटांच्या, तर चौथे ३६ बिटांच्या. सर्वांनी एकच यंत्र घ्यावे, हा सल्ला कोणत्याही विद्यापीठाने मानला नसता. उपाय एकच होता : प्रत्येकाने घरात आपली रीत पाळावी, पण उंबरठ्याबाहेर सामाईक संकेत वापरावेत.

हे संकेत ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’ या टिपणमालेत प्रसिद्ध होत. तिचे संपादन पोस्टेल यांनी जवळपास तीन दशके केले. संकेतांना क्रमांक लागतात आणि एकच क्रमांक दोघांनी घेतला, तर गोंधळ अटळ. १९७२ मधील एका टिपणात पोस्टेल यांनी असे क्रमांक वाटून देण्यासाठी एक व्यक्ती नेमावी असे सुचवले आणि त्या कामासाठी आपलेच नाव पुढे केले. कोणी हरकत घेतली असती, तर पुढचा इतिहास कदाचित वेगळा झाला असता. ई-मेलच्या देवघेवीसाठी ठरलेला २५ हा क्रमांक आजही कोणत्याही कंपनीच्या यंत्रावर तोच असतो.

सप्टेंबर १९८१ मध्ये टीसीपी आणि आयपी यांची नियमावली त्यांच्या संपादनाखाली सिद्ध झाली. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने ती स्वीकारली. पाठवताना काटेकोर राहावे, स्वीकारताना मात्र उदार असावे, हे त्यांचे सूत्र. आपल्यासारखे नसलेले यंत्र समोर असणारच, हे त्यात गृहीत आहे. घरातील राउटर ज्या १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांचे वाटप करतो, तो समूह खासगी वापरासाठी राखला गेला, तोही पोस्टेल चालवीत असलेल्या ‘आयाना’ या नोंदणी व्यवस्थेकडून. अर्थात, विंडोजवरील फाइल लिनक्सवर उघडण्यासाठी साम्बासारखी वेगळी प्रणाली लागते. पण तिचे निरोपही याच पत्त्यांवरून ये-जा करतात.

देशोदेशीच्या नामखुणाही याच व्यवस्थेत नोंदल्या जात. भारताची ‘इन’ ही खूण १९८९ मध्ये दाखल झाली आणि तिची व्यवस्था मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीने सांभाळली.

लांब दाढी आणि पायांत सँडल अशा वेशातील या माणसाकडे नोंदवही आणि सहकाऱ्यांचा विश्वास, एवढेच अधिकार होते. इंटरनेटचा व्यापार वाढला, तसा नोंदवहीचा मालक कोण, हा वाद पेटला. २८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी आठ मूळ नामसर्व्हरांच्या चालकांना, सरकारी कंत्राटदाराऐवजी आपल्या यंत्रणेकडून नामावली घेण्याची सूचना ई-मेलने केली आणि ती पाळली गेली. अमेरिकी प्रशासन खवळले. ही केवळ चाचणी असल्याचे सांगून काही दिवसांतच त्यांनी पूर्वस्थिती आणली. तो हेतू चाचणीचाच होता की इशाऱ्याचा, यावर जाणकारांत मतभेद आहेत; एका ई-मेलवर आठ चालक विनातक्रार हलले, हे मात्र निर्विवाद.

त्याच वर्षी सप्टेंबरअखेर ही जबाबदारी घेण्यासाठी ‘आयकॅन’ संस्था स्थापन झाली. दोन-तीन आठवड्यांतच, १६ ऑक्टोबर १९९८ रोजी, हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीने पोस्टेल यांचे वयाच्या ५५ व्या वर्षी निधन झाले. शाळेतील सोबती व्हिंट सर्फ यांनी त्यांच्यावर लिहिलेला मृत्युलेख त्याच टिपणमालेत २४६८ व्या क्रमांकाने नोंदला गेला.